पेट्रोलच्या वहीतले जादा किलोमीटर

भाऊंचा आजार पहिल्यांदा सापडला तो वहिनींच्या वहीत. वहिनी बचत गटाचा हिशेब ठेवतात, त्यामुळे घरच्या रिक्षाचाही हिशेब त्यांच्याकडेच. बँकेतून मिळालेल्या एका जुन्या डायरीत रोज रात्री तीन आकडे पडायचे: गाडी किती किलोमीटर पळाली, पेट्रोल किती घातलं, गल्ला किती आला. मे महिन्यापर्यंत तिन्ही आकडे एकमेकांना धरून होते. गाडी दिवसाला 90 किलोमीटरच्या आसपास पळायची. जुलैत ती 130-140 पळायला लागली आणि गल्ला मात्र उतरला.

नवरा रोज चाळीस-पन्नास किलोमीटर जादा जातो आणि त्याचे पैसे घरी येत नाहीत, याचा अर्थ बायकोने काय काढायचा? वहिनींनी तोच काढला. मालवणात कोणीतरी आहे, असं धरून त्यांनी आठ दिवस अबोला धरला. मग एका सकाळी ‘माका नेरूराक जावचा आसा’ म्हणून स्वतःच रिक्षात बसल्या.

चौके गावापर्यंत काही झालं नाही. धामापूरच्या तलावाच्या अलीकडे एका खड्ड्यात मागचं चाक दणकलं. भाऊ दोनशे मीटर पुढे गेले, थांबले, गाडी वळवून परत त्या खड्ड्यापाशी आले. उतरून दोन्ही बाजूंच्या गटारात वाकून बघितलं. मागच्या चाकावरून हात फिरवला आणि तो हात हुंगला. मग गाडीत बसले, दोनशे मीटर गेले, आणि पुन्हा मागे. नेरूर येईपर्यंत असं चार ठिकाणी झालं. वहिनी नंतर मला म्हणाल्या, पहिल्यांदा हायसंच वाटलं, दुसरी बाई नव्हती. मग गटारात वाकलेल्या माणसाचं तोंड दिसलं आणि पाय लटपटले.

मी कुडाळात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. भाऊ आणि वहिनी ही वाडीतली हाक आहे, नावं नव्हेत. वय, धंदा, कुटुंबातली माणसं यांतले ओळख पटवणारे तपशील मी बदललेत आणि अशाच तक्रारी घेऊन आलेल्या आणखी दोघांच्या हकिगतीतले तुकडे यात मिसळलेत. रस्ता मात्र आहे तसाच ठेवलाय, कारण या प्रकरणात रस्त्याशिवाय काही कळत नाही. मालवण-चौके-धामापूर-कुडाळ हा रस्ता पावसात ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको: वळणं, चढउतार, दोन्ही बाजूंनी रस्त्यावर ओणवलेली झाडी, रात्री दिव्याच्या उजेडात उड्या मारणारे बेडूक, आणि चाकाखाली सतत काही ना काही येत असतं.

झावळी

सुरुवात जूनमधल्या एका रात्रीची. शेवटचं भाडं सोडून भाऊ एकटेच परतत होते. पाऊस धो धो, वायपर अर्धाच चालत होता. चाकाखाली काहीतरी आलं, गाडी उडाली. भाऊ थांबले, मागे गेले. माडाची झावळी पडली होती, आमच्याकडे चुडत म्हणतात ती. त्यांनी ती ओढून बाजूला टाकली आणि निघाले.

इथवर कोणीही हेच केलं असतं. पुढचं ऐका. घरापासून अर्ध्या किलोमीटरवर त्यांच्या मनात आलं, झावळीच्या खाली कोणी असलं तर? झावळी मी ओढली, पण खाली नीट बघितलं का? बघितलं होतं. तरी ते मागे गेले. खाली रस्ता होता. परत निघाले. मग आलं, अंधारात मी झावळी ओढली ती नेमकी त्याच्या अंगावर टाकली असली तर? त्या रात्री ते पावणेदोनला घरी पोचले. वहिनींना सांगितलं, गाडी पंक्चर झाली होती.

दुसऱ्या दिवशी तो रस्ता ओलांडताना पोटात गोळा आला. आठवडाभरात तो गोळा प्रत्येक गतिरोधकावर यायला लागला. महिन्याभरात सगळा दिवसच त्याभोवती फिरायला लागला. भाडं घेऊन जाताना मागे वळता येत नाही, म्हणून ते रस्ता लक्षात ठेवायचे आणि भाडं उतरवून रिकामी गाडी घेऊन ‘तपासायला’ परत जायचे. वहीतले जादा किलोमीटर ते हे. सायकलवाल्याला ओलांडलं की तो आरशातून दिसेनासा होईपर्यंत नजर आरशात. संध्याकाळी स्टँडवरच्या दुसऱ्या रिक्षावाल्यांना सहज विचारल्यासारखं विचारायचं, आज कुठे काही झालं का. सकाळी पेपरातली अपघाताची प्रत्येक बातमी तारीख, वेळ आणि ठिकाण जुळवून वाचायची. सावंतवाडीची असली तरी. रात्री टॉर्च घेऊन गाडीचा तळ धुवायचा आणि तपासायचा. आणि वहिनींना तो एक प्रश्न, जो घराला हळूहळू पोखरत गेला: “तुका कोण पडलेलो दिसलो काय?” वहिनी म्हणायच्या, “नाय ओ, कोण नाय.” दहा मिनिटं बरी जायची.

वहिनी या सगळ्याचा हिशेब ठेवू शकल्या असत्या, पण तो वहीत लिहायची सोय नव्हती.

मोठ्या दिरांचं मत पडलं की बाहेरची बाधा असावी. झावळी पडली ती जागाच वाईट. देवळात गाऱ्हाणं घातलं, गावकारांनी देवाला सांगितलं, सगळ्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हटलं. भाऊंना खरोखर बरं वाटलं, पंधरा दिवस. यात मला नवल नाही आणि हसण्यासारखंही काही नाही. ओझं एकट्याने वाहण्यापेक्षा गावाच्या आणि देवाच्या खांद्यावर दिलं की ते हलकं होतंच. पण सोळाव्या दिवशी शंकेने तिथेही घर केलं: गाऱ्हाण्यात माझं नाव नीट घेतलं होतं का? गाडीचा नंबर सांगितला होता का? मग त्या वळणावर रोज एक रुपया ठेवणं आलं, पुढे नारळ. ज्या गोष्टीने आराम मिळतो तिलाच हा आजार गिळतो, हे मी तिथे पुन्हा एकदा शिकले.

दीर दुसरंही एक म्हणाले होते: “रत्नागिरीक न्हेवचो काय हेका?” आमच्याकडे ‘रत्नागिरीला नेणे’ याचा अर्थ तिथलं मनोरुग्णालय, आणि ते वाक्य शिवीसारखं वापरलं जातं. त्या एका वाक्यामुळे भाऊ माझ्याकडे यायला आणखी तीन आठवडे लांबले.

पहिली भेट

ऑगस्टमध्ये आले. खुर्चीच्या टोकावर बसले. पहिलं वाक्य, “मॅडम, मी वेडो नाय, माका सगळा कळता.” खरंच सगळं कळत होतं. झावळीखाली माणूस नव्हता हे त्यांना माहीत होतं. विचार आपलेच आहेत, कोणी बाहेरून घालत नाही, हेही माहीत होतं. भास नव्हते, कोणावर संशय नव्हता. निदानाच्या दृष्टीने हे महत्त्वाचं, कारण वास्तवाशी नातं तुटलेलं असतं तर आमची वाट वेगळी झाली असती.

मी अर्थातच विचारलं, खरा अपघात कधी झालाय का? नाही. बारा वर्षांत एक कोंबडी. अपघाताच्या धक्क्यातून हे आलंय का, हे तपासायला तो प्रश्न होता. जीव नकोसा होतो का, हेही विचारलं. मरावंसं वाटत नव्हतं, पण पोलीस ठाण्यात जाऊन ‘माझ्याकडून झालं असेल’ असं लिहून द्यावं, म्हणजे सुटका होईल, असं दोनदा वाटलं होतं. एकदा ते ठाण्याच्या पायरीपर्यंत जाऊन आले होते. मोटार वाहन कायद्याचं 134 कलम त्यांना तोंडपाठ होतं: अपघात झाला तर चालकाने जखमीला मदत मिळवून द्यायची. ते कलम आठवलं की छातीत धडधड.

लहानपणाबद्दल विचारलं तेव्हा आधी काही नाही म्हणाले. मग वहिनींनी सासूबाईंकडून ऐकलेलं सांगितलं. बारा-तेरा वर्षांचे असताना घरामागच्या बिनकठड्याच्या विहिरीत चुलतभावाचं मूल पडेल, म्हणून हा मुलगा रात्री उठून विहिरीत कंदील धरून बघायचा. घरच्यांनी कौतुक केलं. केवढा जबाबदार मुलगा! त्या कौतुकात एक वीस वर्षांचा आजार झाकला गेला. हा विकार बहुतेकांमध्ये किशोरवयात किंवा विशीच्या आसपास डोकं वर काढतो आणि योग्य उपचारापर्यंत पोचायला कित्येक वर्षं जातात. त्याला लाज हे एक कारण आहे, पण नीटनेटकेपणा, काळजी, सोवळं अशा गुणांच्या पांघरुणात तो बेमालूम बसतो हे दुसरं, आणि आपल्याकडे तेच मोठं.

तीव्रता मोजायला आम्ही येल-ब्राउन मापपट्टी वापरतो. 1989 साली प्रसिद्ध झालेली, दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण 40. विचारांचा विषय काय हे ती मोजत नाही. वेळ किती जातो, त्रास किती, कामात अडथळा किती, थोपवायचा प्रयत्न होतो का, ताबा राहतो का, हे मोजते. भाऊंना 28 आले. 24 ते 31 म्हणजे तीव्र. दिवसाचे पाच तास या विचारांत आणि तपासण्यांत जात होते.

निदान: ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, ओसीडी. शंभरातल्या एक ते तीन माणसांना आयुष्यात कधी ना कधी होणारा. मराठीत आपण याला मंत्रचळ म्हणतो, आणि मला तो शब्द आवडतो, कारण जप आणि चळ दोन्ही त्यात आहेत. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले डॉक्टर त्याला संशयाचं वेड म्हणत. भाऊंच्या बाबतीत ते नाव अधिक चपखल. हात धुणारा रोगी सगळ्यांना माहीत आहे, सिनेमा-मालिकांनी तो घरोघरी पोचवलाय. गाडी मागे वळवणारा कोणाला माहीत नसतो.

खात्री का होत नाही

वहिनींचा पहिला प्रश्न असा होता: बघून आल्यावरही ह्यांना खात्री का होत नाही? डोळे आहेत, उजेड आहे, रस्ता रिकामा आहे.

दोन गोष्टी सांगितल्या. एक, असे नकोसे विचार सगळ्यांनाच येतात. रॅकमन आणि डिसिल्वा या संशोधकांनी 1978 मध्ये साध्यासुध्या, कसलाही आजार नसलेल्या माणसांना विचारलं, तेव्हा दहांतल्या आठांनी सांगितलं की आपल्यालाही असे भलतेसलते विचार मनात चमकून जातात. विहिरीपाशी उभं असताना ‘हातातलं मूल सुटलं तर’ असं कोणाला वाटत नाही? आपण डोकं झटकतो आणि पाणी ओढतो. ज्याला हा आजार आहे तो त्या विचाराला थांबवून जाब विचारतो: हा आलाच का? आला म्हणजे काहीतरी असेल. आणि मला सुचलं असून मी काही केलं नाही, तर दोष माझा. पॉल साल्कोव्स्किस यांनी 1985 मध्ये या फुगलेल्या जबाबदारीवर बोट ठेवलं. विहिरीत कंदील धरणारा मुलगा आठवा.

दुसरी गोष्ट वहिनींना जास्त पटली. नेदरलँड्समधल्या व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. धडधाकट विद्यार्थ्यांना संगणकावर दिसणारी गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा बंद करून तपासायला लावली. शेवटी विचारलं, कोणती बटणं तपासली ते आठवतंय का? आठवत होतं, बरोबर. पण आठवण धूसर झाली होती आणि आपल्या आठवणीवरचा त्यांचा विश्वास घसरला होता. तपासण्याने खात्री वाढत नाही, झिजते. सहाणेवर खोड उगाळल्यासारखी. वहिनी लगेच म्हणाल्या, म्हणजे पहिल्यांदा बघतात तेव्हाच नीट बघतात, आठव्यांदा नुसता गोंधळ. बरोबर.

मेंदूत काय असतं, हेही त्यांनी विचारलं. चूक झाली की काय, याची घंटा वाजवणारा कपाळामागचा भाग आणि ती घंटा थांबवून पुढच्या कामाला लावणारे खोलवरचे केंद्रक, यांच्यातलं येणंजाणं या आजारात अडकून पडतं. घंटा वाजते आणि कोणी उचलत नाही. एवढं पुरे झालं.

माझ्याकडून झालेली चूक

तिसऱ्या भेटीत भाऊ फार रडवेले झाले होते. आदल्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी ते कट्टा गावाच्या बाजूला गेले होते आणि त्या मुलांच्या गर्दीनंतर अकरा फेऱ्या झाल्या होत्या. त्यांचं ते तोंड बघून मी म्हणून गेले, “भाऊ, तीन चाकांची हलकी गाडी ती, माणसाच्या अंगावरून गेली तर उलटेल. तुम्हाला कळल्याशिवाय राहीलच कसं?” त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. मलाही बरं वाटलं. त्या बऱ्या वाटण्याकडे मी तेव्हाच संशयाने बघायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात वहिनी म्हणाल्या, “मॅडम, तुमचो आवाज दिवसभर घरात आसा.” भाऊंनी ते वाक्य फोनवर रेकॉर्ड केलं होतं. मला न विचारता, पण त्यांना मी काय बोलणार? दिवसातून तीस-चाळीस वेळा ते लावत होते. प्रत्येक खड्ड्यानंतर मागे वळण्याऐवजी माझा आवाज. फेऱ्या कमी झाल्या म्हणून त्यांना वाटत होतं, सुधारणा आहे. आणि गेले दोन दिवस नवी शंका सुरू झाली होती: मॅडमनी ‘उलटेल’ म्हटलं की ‘उलटू शकेल’?

मी त्यांना दिलेली ती गोळी होती आणि तिची सवय लागली होती. आम्ही दोघांनी मिळून ते रेकॉर्डिंग पुसलं. पुसताना त्यांचा अंगठा थरथरत होता. मी सरळ सांगितलं की चूक माझी आहे, आणि यापुढे मी ‘काही झालेलं नाही’ असं एकदाही म्हणणार नाही. वहिनीही म्हणणार नाहीत. ते ऐकून वहिनीच जास्त घाबरल्या. नवऱ्याला तडफडताना बघून गप्प राहायचं, ही कसली बायको?

घरच्यांनी दिलासा देणं, तपासायला मदत करणं, रस्ता बदलणं, हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं. मायेपोटीच होतं. म्हणून ते सोडवताना हात हळू लावावा लागतो. आम्ही असं ठरवलं: वहिनींनी एकदम गप्प व्हायचं नाही. भाऊंच्याच संमतीने एक वाक्य बांधलं, त्यांच्याच बोलीत. भाऊंनी विचारलं की वहिनी म्हणतील, “हो प्रश्न आजाराचो. मी उत्तर देवचंय नाय. चाय टाकू?” चहाचा भाग वहिनींनी जोडला.

गोळ्या आणि रस्ता

तीव्रता बघून मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि दोन्ही उपचार बरोबरच सुरू झाले. सर्ट्रालिन, 50 मिलिग्रॅमपासून हळूहळू 150 पर्यंत. या आजाराला नैराश्यापेक्षा जास्त मात्रा लागते आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात, हे आधी नीट सांगितलं नाही तर माणूस तिसऱ्या आठवड्यात गोळी सोडतो. भाऊंना सुरुवातीला मळमळ झाली, पोट बिघडलं, ते आठवड्याभराने थांबलं. वाहन चालवणारा माणूस म्हणून झोप येते का, याकडे डॉक्टरांचं लक्ष होतं.

मुख्य काम रस्त्यावरचं. ज्याची भीती आहे त्याला सामोरं जायचं आणि नेहमीचं कर्मकांड करायचं नाही. लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी 1966 मध्ये दोन रुग्णांवर हे करून दाखवलं, आणि या आजारावर आजही हाच सगळ्यात भरवशाचा मानसोपचार आहे. ऐकायला सोपं. करताना घाम फुटतो, रुग्णाला आणि माझ्यासारखीलाही.

कशाची भीती किती, याला शंभरापैकी आकडे देऊन भाऊंनी यादी केली. सगळ्यात खाली, 30 वर, घरच्या खळ्यात मुद्दाम ठेवलेल्या नारळाच्या सोडणावरून गाडी न्यायची आणि न बघता पुढे जायचं. पहिल्या दिवशी सोडणाचा कुरकुर आवाज आला आणि भाऊंनी दोन्ही हातांनी हँडल असं धरलं की बोटांची पेरं पांढरी पडली. सात मिनिटं ते तसेच बसले. मुलगी, पाचवीतली, पडवीतून बघत होती. तिने विचारलं, बाबा, सोडण मेला काय? भाऊ हसले. मी ती भेट तिथेच संपवली.

त्यानंतर सकाळचा रिकामा रस्ता. मग आठवडा बाजार. मग तळ धुणं बंद. पेपरातल्या अपघाताच्या बातम्या बंद. वळणावरचा नारळ बंद. देवळात जायला कसलीही आडकाठी नव्हती, इतर लोक जातात तसं आणि तितक्याच वेळा. खड्ड्यानंतर मनात म्हणायचं वाक्यही आम्ही बदललं. ‘काही नाही झालं’ याऐवजी: “लागला आसात कोणाक. माका कळाचा नाय. मी घराक जातंय.” पहिल्यांदा म्हणताना त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्याकडून पाप करवून घेतेय.

‘आणि खरंच लागलं असेल तर?’ हा प्रश्न वाचणाऱ्याच्याही मनात आला असेल. मलाही येतो. नियम आम्ही एकदाच ठरवला: माणूस दिसला, किंकाळी ऐकू आली, कोणी हात करून थांबवलं, तर कोणीही थांबेल तसं थांबायचं. नुसतं ‘वाटलं’ तर नाही. हा नियमही पुन्हा पुन्हा विचारायचा नाही. गंमत अशी की मागच्या आरशात डोळे लावून चालवताना एकदा समोरून आलेल्या चिऱ्यांच्या डंपरखाली भाऊ जाता जाता वाचले होते. त्या डंपरबद्दल त्यांना कधीच शंका आली नाही. खऱ्या धोक्याचं या आजाराला फारसं सोयरसुतक नसतं.

एक दुसरी फजिती सांगायला हवी. कुडाळच्या बाजूच्या रस्त्यावर सरावासाठी मी मागच्या सीटवर बसले होते. पाऊस होता. चाकाखाली काहीतरी आलं, मऊ. भाऊ थांबले नाहीत. मी मात्र मान वळवून मागच्या पडद्याच्या फटीतून बघितलं. आरशात त्यांना ते दिसलं. “काय होता, मॅडम?” विचारलंच. मी उत्तर दिलं नाही, पण उत्तर देऊनच झालं होतं: मॅडम शांत आहेत, म्हणजे काही नाही. नंतर त्यांनी स्वतः कबूल केलं, तुम्ही मागे असलात की तेवढी भीती वाटत नाही, काही असलं तर तुम्ही सांगाल. म्हणजे जबाबदारी माझ्या खांद्यावर देऊन ते गाडी चालवत होते. तो सराव आम्ही यादीतून खोडला. पुढचे सगळे एकट्याने, आणि रात्री मला फोन करून फक्त आकडा सांगायचा, प्रसंग सांगायचा नाही.

सगळ्यात वर, 95 वर, होतं ते पावसातल्या रात्री एकट्याने धामापूरच्या वळणावरून जाणं. ते दोनदा फसलं. गणपतीत चाकरमानी आले, रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची आणि चालणाऱ्यांची ही गर्दी, तेव्हा भाऊंनी तीन दिवस रिक्षाच काढली नाही. हंगामाचे तीन दिवस म्हणजे हप्ता चुकण्याचे दिवस. वहिनी बोलल्या नाहीत, वहीत तीन शून्यं लिहिली. चौथ्या दिवशी भाऊ वही बघून गेले.

तीन महिन्यांनी मापपट्टीवर 19, सहा महिन्यांनी 12. ‘बरा झालो का’ असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, हा प्रश्न आठवड्यातून किती वेळा विचारता? ते ओशाळले. विचार येतात अजून. मधे काही दिवस शंका रस्त्यावरून उठून घरच्या गॅसच्या रेग्युलेटरवर जाऊन बसली होती. तिलाही चहाचंच उत्तर मिळालं. गोळ्या निदान वर्षभर चालू ठेवायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत, आणि पावसाच्या तोंडाशी एक भेट घ्यायची, असं ठरलंय. इथवर येणं ज्यांना जमत नाही त्यांना मी 14416 हा टेली-मानसचा नंबर देते. फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. सुरुवात तिथूनही होते.

यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेनऊला भाऊंचा फोन आला. बाहेर तुफान पाऊस, आवाज तुटत होता.

“मॅडम, आज एकदा मागे गेलंय.”

“मग?”

“चुडत होता.” थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज. “परत नाय गेलंय.”

मागून वहिनी काहीतरी म्हणाल्या. नंतर कळलं, त्या त्यांना किलोमीटर विचारत होत्या. तीन जादा होते. वहिनींनी ते ‘इतर’मध्ये लिहिले.